दुसरं हत्यार

पहिलं हत्यार मी औषधांच्या दुकानातून विकत घेतलं. मिरचीचा स्प्रे, अंगठ्याएवढा जाड, वर लाल टोपण. सॅनिटरी पॅडचं पाकीट देतात तसा दुकानदाराने तो वर्तमानपत्रात गुंडाळून दिला. लाजायचं कुणी, हे या देशात आधीच ठरलेलं असतं.

तेव्हा मी चाकणला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला ट्रेनी होते. घर काळेवाडीत. पहिल्या शिफ्टची बस पावणेसहाला फाट्यावर यायची आणि घरापासून फाटा बारा मिनिटं चालत. हिवाळ्यात ती बाराही मिनिटं अंधाराची. त्या हिवाळ्यात एक मोटारसायकल माझ्या मागे यायला लागली. नंबरप्लेटवर फडकं बांधलेलं, तोंडावर रुमाल. तो चालण्याच्या वेगाने गाडी चालवायचा आणि बोलत राहायचा. काय बोलायचा ते इथे लिहिण्याचं कारण नाही. चौकीत अर्ज दिला. गस्त वाढवतो म्हणाले. गाडीचा नंबर काय, असंही विचारलं.

एके दिवशी तो गाडी लावून खाली उतरला. मी स्प्रे काढला, दाबला. दोन महिने पर्समध्ये पडून त्याचं तोंड चोंदलं होतं. नारिंगी पाण्याचे चार थेंब माझ्याच बाहीवर पडले. तो हसला. तेवढ्यात दुधाचा टेम्पो वळणावरून आला, म्हणून तो निघून गेला. बसमध्ये बसल्यावर मी डोळ्याला हात लावला आणि मोशीपर्यंत एकटीच रडत बसले. शेजारणीला वाटलं घरी काही झालं.

हे मी कंपनीत एकालाच सांगितलं. तो मेंटेनन्सला फिटर होता, ठेकेदाराकडून आलेला, मूळचा लातूरकडचा. माझ्या टेबलाशेजारच्या मशिनचा पंप सारखा बिघडायचा, त्यामुळे आमची ओळख. त्याने सगळं ऐकून घेतलं. त्याने ना कीव केली, ना त्या माणसाला शिव्या घातल्या. एवढंच विचारलं, "स्टँडबाय काय ठिवलाव?"

"म्हणजे?"

"आवं ताई, पंप कधी एकला बसवतेत का? एक चालू, एक स्टँडबाय. चालू पंपाला बंद पडायला मुहूर्त लागत न्हाई. तुमी तर जिवाचा पंप एकल्यावर चालवायलाव."

"पोलीस आहेत की स्टँडबाय."

"ते ब्रेकडाऊन झाल्यावर येतेत. रिपोर्ट लिव्हायला."

चार दिवसांनी त्याने डब्याच्या पिशवीतून एक वस्तू माझ्या हातात दिली. लोखंड घासायच्या, तुटलेल्या तिकोनी कानशीचा वीतभर तुकडा. एका बाजूला ग्राइंडरवर काढलेलं टोक, दुसऱ्या बाजूला काळी टेप गुंडाळून केलेली मूठ. टोकावर हवेच्या निळ्या नळीचा तुकडा टोपणासारखा बसवला होता. काम सुबक होतं. तुटकं हत्यार जमा केल्याशिवाय स्टोअरमधून नवं मिळत नाही, असा कंपनीत नियम होता. त्याने कानशीचं पुढचं अर्धं जमा करून नवी कानस घेतली होती आणि मुठीकडचं अर्धं माझ्यासाठी ठेवलं होतं.

'हत्यार' या शब्दाशी माझं जुनं नातं आहे. माझे वडील भोसरीतल्या एका कारखान्यातून निवृत्त झाले आणि तीस वर्षं युनियनची पत्रकं त्यांनीच लिहिली. मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवर. प्रेसमधून आलेली प्रुफं जमिनीवर पसरलेली असायची आणि मी 'कामगार बंधू-भगिनींनो' हा जगातला सगळ्यांत लांब शब्द आहे असं समजत असे. त्या पत्रकांत दर दोन वर्षांनी एक वाक्य यायचं: संप हे कामगाराचं अखेरचं हत्यार आहे. कारखान्यात हत्यार म्हणजे पाना, हातोडी, कानस. त्यामुळे संपही वडिलांच्या पेटीत पान्याखाली कुठेतरी ठेवलेला असणार, असं मला बरीच वर्षं वाटायचं.

कानशीचा तुकडा मी वडिलांना दाखवला. लपवण्याची आमच्या घरात पद्धत नव्हती. त्यांनी चष्मा लावून तो उलटसुलट पाहिला.

"काम चांगलं केलंय. कुणी केलं?"

"आहे एक जण."

"एक आहे ना तुझ्याकडे? ते मिरचीचं?"

"ते चाललं नाही, म्हणून तर दुसरं."

"आणि हे चाललं नाही तर तिसरं?"

"बाबा, तुम्ही त्या रस्त्याने चालत नाही."

"चालत नाही खरं," ते म्हणाले. मग तुकडा तळहातावर धरून, "काढशील तेव्हा त्याचा हात किती लांब असेल? तुझा किती? त्याने तुझ्या हातातून घेतलं तर?"

उत्तराऐवजी मी भाषण केलं. बाईच्या हातात काही दिसलं की सगळ्यांना तिच्याच सुरक्षिततेची काळजी कशी वाटते, यावर. भाषण चांगलं झालं. त्यांनी ते पूर्ण ऐकलं आणि तुकडा परत दिला.

चार आठवडे तो माझ्या पर्समध्ये होता. त्या चार आठवड्यांबद्दल खरं तेच लिहायला हवं. मला भीती कमी वाटली. पूर्वी मी दिव्यांच्या बाजूने, रस्ता ओलांडून जायची. आता सरळ जाऊ लागले. पूर्वी मागे आवाज आला की मी वळून बघायची. आता न बघता पर्समध्ये हात घालायची. घरी आरशासमोर उभी राहून सराव केला. एका हातात डबा, दुसरा पर्समध्ये. दहातल्या सहा वेळा हाताला नको ती वस्तू लागायची. स्प्रे हवा असताना कानस, कानस हवी असताना पाण्याची बाटली. दोन वस्तू असल्या की आधी निवडावं लागतं, आणि निवडायला जेवढा वेळ लागतो तेवढा त्या रस्त्यावर नसतो. हे कळूनही मी ती ठेवली. मोटारसायकल त्या महिन्यात दोनदाच दिसली, लांबून. ते माझ्या पर्समुळे असेल असं मला वाटत राहिलं. त्याला पर्समधलं दिसत नव्हतं, हे माहीत असूनही.

मग पगारवाढीच्या कराराची बोलणी अडली आणि कंपनीने गेटवर झडती कडक केली. आधी फक्त बाहेर पडताना वरवर पिशवी बघायचे. आता सगळं टेबलावर काढायला लावू लागले. बायकांच्या रांगेला एक सिक्युरिटीवाल्या बाई होत्या, माझ्या आईच्या वयाच्या. त्यांनी पर्समधून तो तुकडा काढला.

"हे काय गं?"

इथे मी चूक केली. मी म्हणू शकले असते, ऑफिसात सांगते. पण खाली मान घालून उत्तर द्यायचं मला शिकवलंच नव्हतं. मी मोठ्याने म्हणाले, "हत्यार आहे. माझं आहे."

"मग गेटपास दाव."

"गेटपास कशाला?"

"हत्यार भाईर न्यायचं म्हंजी गेटपास लागतो की. व्हय का न्हाई?" त्यांनी रजिस्टर ओढलं आणि माझ्या देखत लिहिलं: विनापरवाना कंपनीचे हत्यार बाहेर नेताना आढळले. मग टेप थोडी सोलली. मुठीखाली मेंटेनन्स खात्याचा पंच केलेला नंबर होता. तो मला माहीत नव्हता.

"आता मी हे सोडलं तर माजी नोकरी जाईल, बाळा," त्या म्हणाल्या. त्या खोटं बोलत नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी एचआरच्या अधिकाऱ्याने मला बोलावलं. माझ्याहून पाचसहा वर्षांनीच मोठे असतील. तो तुकडा त्यांच्या टेबलावर पारदर्शक पिशवीत होता. त्यांनी मला चहा मागवला, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"मॅडम, सरळ आहे. हे टूल असेल, तर चोरी. शस्त्र असेल, तर कंपनीत शस्त्र आणणं. चोरी तुम्ही केली नाही, मला कळतंय. नंबर मेंटेनन्सचा आहे. तिथे सहा फिटर. तुम्ही खुलाशात लिहा, टूल आहे आणि अमक्याने दिलं. तुमचा विषय इथेच संपतो. दोन महिन्यांनी तुमचं कन्फर्मेशन आहे, मला ते खराब करायचं नाही."

"आणि त्याचं?"

"कुणाचं?"

त्यांनी हलकंसं हसून पेन पुढे केलं. मी म्हटलं, उद्या देते.

माझी चौकशी झाली असती. मी ट्रेनी असले तरी कंपनीच्या यादीत होते. त्याची चौकशी झाली नसती. ठेकेदाराला एक फोन गेला असता आणि दुसऱ्या दिवशी गेटवर त्याचं कार्ड चाललं नसतं. बायको, दोन मुली आणि कुरुळीत एक खोली. म्हणजे प्रश्न एकाच शब्दाचा होता. हत्यार लिहिलं तर कंपनी त्याचा अर्थ अवजार लावणार आणि अवजार कुणाचं, हे विचारणार.

मी घरी बसून खुलासा लिहिला. तीन पानं. त्यात अंधार होता, चौकी होती, फाट्यापर्यंतच बस आणणारी कंपनी होती, आणि शेवटच्या परिच्छेदात सगळी व्यवस्था होती. वडिलांनी लाल पेन घेतलं. प्रुफं तपासायचे तसंच तपासलं. तीन पानांच्या पाच ओळी झाल्या.

"हे सगळं खरं आहे," ते म्हणाले, "पण पत्रक वाटायला शंभर माणसं लागतात. इथे वाचणारा एकच आहे, आणि त्याला फक्त नाव हवंय. तेवढं देऊ नकोस म्हणजे झालं."

उरलेल्या ओळींत असं होतं: सदर वस्तू अवजार नसून शस्त्र आहे. ती मी स्वतःच्या संरक्षणासाठी बाळगली. ती कुणाकडून मिळाली हे मी सांगणार नाही. जबाबदारी माझी आहे. 'शस्त्र' हा शब्द मी मुद्दाम लिहिला. त्याचा दुसरा अर्थ कुणाला लावता आला नसता.

चार दिवस निलंबन, लेखी ताकीद, आणि कन्फर्मेशन सहा महिने पुढे. नाव निघालं नाही. त्या महिन्यात गेटवर तपासणीचा नवा फलक लागला; त्यावर स्क्रू-ड्रायव्हरचं चित्र होतं, पण आमच्या बसचा थांबा होता तिथेच राहिला. मी नवा स्प्रे घेतला आणि दर रविवारी गच्चीवर एकदा दाबून बघू लागले. पुन्हा दिव्यांच्या बाजूने चालू लागले.

आपण एका माणसाची नोकरी वाचवली, असं मला वाटत होतं. तो मात्र माझ्या टेबलाकडे येईना. पंप बिघडला की दुसऱ्याला पाठवायचा. तीन आठवड्यांनी कँटीनमध्ये ताट ठेवायच्या जागी तो मला एकटा सापडला.

"रागावलात का माझ्यावर?"

"ऱ्हाऊ द्या ताई."

"नाव घेतलं नाही मी तुमचं."

"नाव न्हाई घेतलं, पर शस्त्र लिव्हलं की. सगळ्या मेंटेनन्सला ठावं हाय कुणाच्या हातचं काम ते. आता पोरं मला म्हणतेत, काय भाऊ, आमाला बी एक कोयता काढून द्या. घरवालीला कुणीतरी सांगितलं. ती इचारायली, कंपनीत कसली कामं करायलाव म्हणून."

"दुसरं काय लिहिणार होते? अवजार लिहिलं असतं तर तुम्ही आज इथे नसता."

"ते कळायलंय मला." त्याने ताट खरवडलं. "पर ते शस्त्र न्हवतंच. टोकाचं पाणी उतरवलं हुतं मी."

पोलादाला पाणी दिलं की ते कडक होतं, उतरवलं की मऊ पडतं. हे मला माहीत होतं. मी रोज पोलादच तपासत होते. आपली वस्तू तपासायचं मात्र मला सुचलं नव्हतं.

"गॅसवर लाल करून गार होऊ दिलं," तो म्हणाला. "एका दणक्यात वाकलं असतं. दाखवायला पुरतं. कुणाला लागायला नको, आन् तुमी आत जायला नको, असं वाटलं."

"चार आठवडे मी त्याच्या भरवशावर त्या रस्त्याने गेले. मला सांगायला हवं होतं."

"सांगितलं असतं तर तुमाला भरवसा वाटला असता का?"

मी माझं ताट खाली ठेवलं.

"आन् तुमीबी," तो ताट रचून ठेवत म्हणाला, "कागदावर लिव्हायच्या आदी मला एकदा इचारायला पायजे हुतं."