कानमावशीची सही

हेरखात्यात नोकरी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे काय काय येतं! खात्यात जिला सगळे कानमावशी म्हणत ती करायची काय, तर दहा ते सहा कानाला यंत्र लावून दुसऱ्यांचे फोन ऐकायची आणि टिपणं लिहायची. तीन वर्षं तिच्या वाट्याला एक शिंपी आला होता. त्याचं हसणं, खोकणं, बायकोशी कुरबुर, सगळं तिला पाठ.

रोज दुपारी शिंपी धाकट्या भावाला फोन करून नुसते आकडे सांगायचा. अठ्ठावीस, अडतीस, चौतीस, सतरा, चोवीस, पंधरा. उंची, छाती, कंबर, खांदा, बाही, गळा. भाऊ घरी बसून कापड बेतायचा. मावशी स्वतः शिंप्याची लेक, वडिलांच्या मशीनखाली रांगलेली. तिने पहिल्याच महिन्यात लिहून टाकलं होतं, 'कपड्यांची मापं. संशयास्पद काही नाही.' पण वाचतंय कोण?

मग एक दिवस स्फोटात नदीवरचा पूल उडाला. खातं गाफील राहिलं होतं. मंत्र्यांनी साहेबांची बिनपाण्याने हजामत केली आणि बजावलं, आठ दिवसांत माणूस हजर करा. गुप्त संदेश उलगडणाऱ्या सांकेतिक विभागाने शिंप्याचे आकडे नकाशावर असे काही बसवले की नेमका तोच पूल आला. झालं! शिंपी आत.

साहेबांनी मावशीपुढे नवं टिपण सरकवलं. त्यात मापांचं नावही नव्हतं. ऐकणाऱ्याच्या सहीशिवाय ते कोर्टात चालणार नव्हतं.

"मावशी, सही करा. मी वर शब्द दिलाय."

"शब्द तुम्ही दिलात, आणि जन्मठेप त्याला?"

"दोन वर्षं राहिलीत नोकरीची. उगाच पायावर धोंडा पाडून घेऊ नका." एवढं बोलून साहेब बैठकीला गेले.

मावशी घाबरली नाही असं नाही. पण डोक्यात तिडीक गेली होती. साहेबांचा कोट खुंटीला होता. तिने पर्समधून मापाचा टेप काढला, कोट मापला, सहा आकडे चिठ्ठीवर लिहिले आणि सांकेतिक विभागात नेऊन दिले. "तातडीचं आहे," म्हणाली. तासाभरात उत्तर आलं, शिक्क्यासकट: 'शहराचं जलशुद्धीकरण केंद्र. हल्ल्याची दाट शक्यता.'

साहेब परतले. तिने कागद पुढे केला. वाचून ते ताडकन उठले.

"कोण आहे हा? उचला त्याला!"

"बसा साहेब. तुमच्याच कोटाची मापं आहेत. कंबर जरा वाढलीये."

साहेबांचं तोंड बघण्यासारखं झालं. माफी वगैरे कुणी मागितली नाही. सही तिने केली नाही ती नाहीच. मावशीची रवानगी तळघरातल्या जुन्या कागदांत झाली आणि सहा आठवड्यांनी शिंपी गुपचूप सुटला.

काही महिन्यांनी ती कोट शिवायच्या निमित्ताने त्याच्या दुकानात गेली. त्याने न बोलता मापं घेतली, कागदावर लिहिली, घडी घातली. भाऊ आता शेजारीच बसत होता.

"तोंडाने नाही सांगत आकडे?" मावशीने विचारलं.

"नाही बाई. कोण ऐकत असेल, काय सांगावं!" आवाज इतका खाली गेलेला की तिला पुढे वाकावं लागलं.

गप्प राहायची शपथ तिने खात्यात घेतली होती. पण या माणसाला खरं कळायलाच हवं, असं तिचं मत ठाम झालं.

"मी ऐकत होते," ती म्हणाली. "तीन वर्षं. मापं ही मापंच आहेत, हे मी पहिल्याच महिन्यात लिहून दिलं होतं. शेवटी सहीही केली नाही."

शिंप्याने गळ्यातला टेप काढून बाजूला ठेवला. मग त्याने घडी घातलेला कागद तिच्या हातात ठेवला.

"तुमचे उपकार आहेत, बाई," तो म्हणाला. "पण कोट दुसरीकडे शिवा."