नाखव्यांचा हात इंजिनावर होता

माणूस गेल्याचं आपल्याला कळतं ते कुणीतरी येऊन सांगतं म्हणून. कुणी दारात येऊन उभं राहतं, चपला काढत नाही, आणि आपण काय ते ओळखतो. नाखव्यांची बातमी मला अशी कुणी आणून दिली नाही. ते गेले तेव्हा मी त्यांच्यापासून चार हातांवर बाकावर बसून वर्तमानपत्र वाचत होतो. मी डॉक्टर आहे, परळला बावीस वर्षं दवाखाना चालवतो आहे... आणि मला कळलं नाही. पाच आठवडे झाले, तरी हे वाक्य कागदावर उतरवताना हात अडतो.

काशिनाथ नाखवा वरळी कोळीवाड्याचे. नाखवा म्हणजे होडीचा धनी. घरची होडी त्यांच्या वडिलांपर्यंतच टिकली, हे पुढे मोटारींकडे वळले, पण नाव राहिलं. लालबागला मसाल्याच्या गिरण्यांमागच्या गल्लीत त्यांचं पत्र्याचं गॅरेज होतं. मिरच्यांच्या खकाण्याने गिऱ्हाईक शिंकत आत यायचं आणि नाखवे न हसता म्हणायचे, “या, सर्दीवर औषद नाय आमच्याकरं.” माझ्या वडिलांची जुनी मोटार माझ्याकडे आली ती गुणदोषांसकट. तिचं इंजिन पहिल्यांदा उतरवायची वेळ आली तेव्हा मी मूळच्या गिरगावकराच्या ऐटीत त्यांना विचारलं, इंजिन काढायला किती वेळ लागतो रे? तेव्हा मी त्यांना अरे-तुरे करत असे. मोटारवाला नि मिस्त्री यांच्यात तसंच चालतं, असं मला वाटे. त्यांनी हात पुसले आणि म्हणाले, “इंजिन उतरवाला तीन-साडेतीन तास. आन ते सुटलंय का नाय, ते कलाला त्याचा त्याचा वेल.”

हा ‘त्याचा त्याचा वेळ’ म्हणजे काय ते मी त्याच दिवशी पाहिलं. त्यांची कामाची तऱ्हा अशी. आधी बॉनेट उतरवायचं, पाणी नि तेल सोडायचं, रेडिएटर बाहेर काढायचा. मग एकेक नळी, एकेक तार, एकेक बोल्ट. सुटलेला बोल्ट डब्यात टाकायचा नाही. जमिनीवर त्यांच्या वडिलांच्या होडीच्या शिडाचं कापड अंथरलेलं असायचं, त्यावर खडूने इंजिनाचा आकार काढायचा आणि जो बोल्ट जिथून निघाला तिथेच तो ठेवायचा. शेवटचा बोल्ट सुटला, की कुणालाही वाटेल, आता साखळी ओढायची नि इंजिन वर घ्यायचं. नाखवे तसं करत नसत. लाकडी खोका ओढून मडगार्डला खेटून बसत, उजवा तळहात इंजिनावर ठेवत, डोकं खाली घालून कान त्या हाताजवळ नेत आणि डोळे मिटत. पाच मिनिटं, दहा मिनिटं, कधी पाऊण तास. त्यांनी हात काढून “सुटला” म्हटल्याशिवाय त्यांचे जोडीदार सावंत साखळीला हात लावत नसत. तेवढा वेळ गॅरेजमध्ये कुणी बोलायचं नाही, हा तिथला कायदाच होता. त्या पहिल्या दिवशी मी मध्येच काहीतरी विचारायला गेलो, तर सावंतांनी ओठांवर बोट ठेवून मला शाळेतल्या पोरासारखं गप्प केलं.

त्यामागचं कारण पुढे कधीतरी नाखव्यांनीच सांगितलं. कोळीवाड्यातल्या एका होडीचं इंजिन काढताना त्यांनी घाई केली होती. एक बोल्ट तळाशी तसाच राहिला. साखळीला ताण बसला, इंजिन हिसका देऊन तिरकं सुटलं आणि त्यांच्या धाकट्या भावाचा हात कोपरापासून गेला. तेव्हापासून ते बसत. माझं म्हणणं, बोल्ट मोजले की झालं, बसायचं कशाला? तर म्हणाले, मोजणारा चुकतो, हाताला कळतं. अडकलेलं इंजिन हाताखाली ताठ लागतं, सुटलेलं सैल लागतं. मला ते तेव्हा थोतांड वाटलं आणि मी तसं त्यांना हसत हसत म्हटलंही.

माझं हसणं बंद झालं ते गोळीबाराच्या दिवसांत. संयुक्त महाराष्ट्रासाठी गिरणगाव रस्त्यावर उतरलं होतं, आणि एका दुपारी माझ्या दवाखान्यात पाय ठेवायला जागा उरली नाही. नाखव्यांनी दोघा जखमींना खांद्यावरून आणलं आणि परत न जाता तिथेच राहिले. मी एकाच्या मांडीतली जखम बांधत होतो. दुसरा, एक गिरणी कामगार, भिंतीशी शांत पडून होता. रक्त फारसं नव्हतं, म्हणून मी त्याला नंतरसाठी ठेवलं होतं. नाखवे त्याच्या शेजारी बसले, छातीवर तळहात ठेवला आणि डोळे मिटले. मग मला हाक मारून म्हणाले, “डाक्टर, ह्याला आदी बगा. ह्याचा आतून सुटत चाललाय.” मी गेलो. पोटात रक्तस्राव होत होता. त्यांनीच माझी मोटार काढून त्याला इस्पितळात पोचवलं आणि तो वाचला, अजून गिरणीत जातो. त्या दिवसानंतर माझ्या तोंडी नाखव्यांसाठी अहो-जाहो आलं. ते त्यांच्या लक्षात आलं होतं, कारण पुढच्या वेळी त्यांनी मला चहाबरोबर खारी दिली.

आता त्या सकाळचं लिहायला हवं. लिहिलं नाही तर या लेखाला अर्थ नाही.

मोटार तेल पीत होती, इंजिन पुन्हा उतरवायचं ठरलं होतं. सकाळी आठला मी तिला गॅरेजमध्ये नेऊन लावली. गल्लीत अजून कालच्या सभेची पत्रकं पडलेली होती आणि नाखवे झाडू घेऊन ती गोळा करत होते, पायाखाली येऊ नयेत म्हणून. तब्येत कशी, असं मी विचारलं का? नाही. तोंडावर जरा घाम होता, पण पत्र्याखाली काम करणाऱ्या सगळ्यांच्याच असतो. मी विचारलं ते नेहमीचंच, “किती वेळ, नाखवा?” आणि वर चेष्टा केली की, आज तुमचं ध्यान जरा आटपतं घ्या, मला साडेबाराला एका बाळंतिणीला बघायला जायचंय. ते हसले. आमचं शेवटचं बोलणं ते हेच.

साडेअकराच्या सुमारास शेवटचा बोल्ट कापडावर गेला. नाखवे खोक्यावर बसले, हात इंजिनावर, डोकं खाली. सावंत साखळी धरून उभे राहिले. मी वर्तमानपत्र उघडलं. दहा मिनिटं गेली, वीस गेली. चहावाला आला, ग्लास ठेवून पावलं न वाजवता गेला. त्यालाही तिथली रीत ठाऊक होती. मी घड्याळ बघू लागलो. आणि... खरं तेच लिहितो, मी चिडलो. मला वाटलं, सकाळच्या चेष्टेचा हा माणूस सूड उगवतोय, मुद्दाम बसून राहिलाय. मनातल्या मनात मी त्यांच्याशी भांडलो, आणि तरीही बोललो मात्र नाही, कारण तिथे बोलायचं नसतं. अग्रलेख दोनदा वाचला.

वरच्या पत्र्याला एक भोक होतं. त्यातून उन्हाचा रुपयाएवढा ठिपका इंजिनावर पडलेला होता. तो सरकत सरकत नाखव्यांच्या मनगटावर आला, मग गालावर, मग नेमका मिटलेल्या पापणीवर. मी वर्तमानपत्राच्या कडेवरून ते बघत होतो. पापणी हलली नाही. डोळ्यावर ऊन आलं की झोपलेलं मूलसुद्धा तोंड फिरवतं. मी उठलो.

इंजिनावरचा त्यांचा हात धरला तर गरम होता, आणि क्षणभर मला हायसं वाटलं. मग नाडी शोधली. ती नव्हती. मानेवर बोटं ठेवली, छातीला कान लावला. मग जे जे करायचं असतं ते सगळं केलं आणि करत असतानाच मला ठाऊक होतं की, उशीर झालाय. किती उशीर, ते ठाऊक नव्हतं. त्यांना आडवं करायला जागा हवी होती, तेव्हा सावंतांनी शिडाचं कापड दोन्ही टोकांनी धरून अगदी हळू बाजूला ओढलं. त्यावरचा एकही बोल्ट हलला नाही. मग ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि त्यांनी विचारलं, “डॉक्टरांनू, तो कधी गेलो? बसल्याबरोबर, की आमी बघत उभे होतो तेवा?”

अंगाच्या उबेवरून ते ठरवता येत नव्हतं. अर्ध्या तासात माणूस गार पडत नाही, त्यात हात तापल्या पत्र्याखालच्या लोखंडावर. पहिल्याच मिनिटाला हृदय थांबलं असेल, तर माझ्या उठण्याने काही फरक पडला नसता. पण विसाव्या मिनिटाला थांबलं असेल तर? मी अग्रलेख दुसऱ्यांदा वाचत होतो तेव्हा ते आतल्या आत झगडत असतील तर? माझे डॉक्टर मित्र मला समजावतात की, असं मरण झटक्यात येतं. तेच वाक्य मी स्वतः किती नातेवाइकांना ऐकवलंय, तेव्हा त्याची किंमत मला माहीत आहे. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात. बाळंतिणीला बघायची मला घाई होती आणि रोगी माझ्यासमोर बसलेला होता. दुसऱ्याच्या छातीवर हात ठेवून ज्यांनी ओळखलं, त्यांच्या पाठीवर मला एकदा हात ठेवावासा वाटला नाही.

कोळीवाड्यात गेलो तेव्हा त्यांच्या पत्नी, हिराबाई, ओट्यावर बसल्या होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं, चिडलो होतो तेही. लपवलं असतं तर चाललं असतं, पण लपवता आलं नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “घरान पन तसाच बसं. मी असते तरी उठवला नसता.” त्यांनी मला मोकळं करायला म्हटलं असेल. मी अजून मोकळा झालेलो नाही.

मोटार तशीच उभी राहिली. इंजिन जागेवर, पण एकाही बोल्टाने न धरलेलं. कापडावरचे बोल्टही तसेच. सावंतांनी त्यावर दुसरं कापड पांघरलं होतं. तेरावं झाल्यावर हिराबाईंनीच निरोप पाठवला, डाक्टरांची गारी अडवून ठेवू नका. तरी सावंतांचं मन होईना. त्यात आणखी तीन दिवस गेले. तीन-साडेतीन तासांच्या कामाला या वेळी सतरा दिवस लागले.

सतराव्या दिवशी सकाळी मी गेलो. सावंतांनी पांघरलेलं कापड काढलं, बोल्ट पाहिले, साखळी इंजिनाला लावली. आता ते सरळ ओढतील, असं मला वाटलं. जे सतरा दिवस सुटूनच होतं, ते सुटलंय का, हे आता काय बघायचं? पण त्यांनी तोच खोका ओढला, मडगार्डला खेटून बसले आणि उजवा तळहात इंजिनावर ठेवला. डोळे मिटायच्या आधी त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि डावा हात माझ्याकडे पुढे केला.

मी बाक जवळ ओढून बसलो आणि त्यांचं मनगट धरलं. वर्तमानपत्र खिशातच राहिलं. गल्लीत मसाल्याच्या गिरण्या चालू होत्या, कुणीतरी शिंकत होतं. नाडी जरा जलद होती, पण नीट लागत होती. आठ मिनिटं, नऊ मिनिटं... मी प्रत्येक ठोका मोजला.

“सुटला,” सावंत म्हणाले आणि त्यांनी इंजिनावरचा हात काढला. साखळी ओढायला त्यांना दोन्ही हात लागणार होते, तरी मला त्यांचं मनगट सोडवेना.