सेंटर हाफनं शिवलेले बूट

नव्या कातड्याचा वास आला की निजामाच्या काळातलं बसवकल्याणचं फुटबॉलचं मैदान आठवतं. मधल्या फळीतला आमचा सेंटर हाफ अण्णा जोडे शिवायचा आणि अनवाणी मैदानभर धावायचा. खेळ शिकवायला हैदराबादेहून आलेल्या नव्या उस्तादांनी त्याला मागे, गोल राखणाऱ्या दोन बॅकच्या मधे उभं केलं, वर सगळ्यांना बुटांची सक्ती केली. अकराही जोड त्यानंच शिवले. पण बुटांत त्याला स्वतःला धावता येईना. सामन्याच्या सकाळी उस्तादांनी त्याची जागा मला दिली. ‘अण्णाला राहू द्या,’ एवढंही माझ्या तोंडून निघालं नाही. तोच खाली बसून माझ्या नाड्या बांधू लागला. “चावायलेत का रे? सांग, सैल करतो.” चावत होते. मी “न्हाई” म्हणालो. आजही जोड्यांच्या दुकानात कुणी तेच विचारलं, की मी पाय आखडून न्हाईच म्हणतो.