माझ्या तेराव्याचं जेवण

आता कसं सांगावं तुम्हाला! माणसाचं तेरावं एकदाच होतं. माझं होऊन चौदा वर्षं झाली, आणि मी इथं तुमच्यापुढं बशीत चहा ओतून पितोय. हसू नका. आधी ऐका.

आमच्या घराण्यात पंचावन्नच्या पुढं एकही पुरुष गेला नाही. आजा, बाप, दोन्ही चुलते, थोरला भाऊ. सगळे वेळेवर. मी जालन्याच्या एमआयडीसीत लोखंडाच्या मिलमध्ये भट्टीपुढं उभं राहून उमर काढली. चौपन्नावं लागलं तेव्हा विचार केला, लोक म्हातारपणासाठी पैसा ठेवतात. ज्याला म्हातारपण येणारच नाही त्यानं कशाला ठेवायचा? सांगा, काय चुकलं?

काम सोडलं, फंड काढला, गावी आलो.

बायको कौसा म्हणाली, "आवं, निम्मे पोस्टात टाका."

"कुणासाठी?"

"माझ्यासाठी! मरतात ते तुमच्या घरचे पुरुष. माझी माय नव्वदीची हाय, अजून भाकर चावून खाती. मी काय खाऊ?"

"पोरगा हाय की."

"त्याचं त्याला पुरंना!"

मी घरात जास्त बोलत नसे. विषय संपला.

रेशमी फेटा घेतला. जीप करून राजूरच्या गणपतीला गेलो. हप्त्यातून दोनदा मटण. पण एक घोर होता. थोरल्या भावाच्या तेराव्याला पोरांनी आमटीत इतकं पाणी घातलं होतं की पत्रावळीतून ती थेट मांडीवर यायची. गाव अजून नाव काढतं. माझं तसं व्हावं? बिलकुल नाही! आपलं तेरावं आपणच घालून जावं, म्हणजे चव तरी कळेल.

आचारी सांगितला. बुंदी, पुरी, वांग्याची भाजी. गावात निरोप धाडला, "सोमवारी आबाचं तेरावं. चूल बंद ठेवा."

गावाला ठाऊक होतं मी जिवंत आहे. पण निरोप कुंभार पिंपळगावच्या बाजारात गेला, आणि तिथून माझ्या सासुरवाडीला.

सोमवारी पंगत बसली. मी स्वतः बुंदीची बादली घेऊन वाढत होतो. तेवढ्यात वेशीकडून रडणं ऐकू आलं. टेम्पोभर माणसं! पुढं माझा मेहुणा नामदेव, डोक्याला उपरणं गुंडाळलेलं, काखेत दुखवट्याचं गाठोडं. पोराला टॉवेल-टोपी, आणि बहिणीला विधवेचं फिकं लुगडं.

"कौसाक्का!" तो दारातूनच ओरडला. "दाजी गेले, अन् आम्हाला माती द्यायला बी बोलावलं न्हाई?"

कौसा बाहेर आली. कपाळावर रुपयाएवढं कुंकू. रडणं तिथंच आटलं.

नामदेवनं माझ्याकडं पाहिलं. मग बादलीकडं. "दाजी... तुम्ही वाढून राह्यले?"

"हां. बसा. बुंदी गरम हाय."

"मंग ह्या लुगड्याचं काय करू? वापस नेऊ?"

"ठेव," मी म्हणालो. "सालभरात लागंलच. तुझा परत यायचा खर्चा वाचंल."

सगळी पंगत हसली. कौसा हसली नाही. लुगडं घेतलं आणि ट्रंकेत टाकलं.

पंचावन्नावं सरलं. मी बाजेवर पडून वाट पाहिली. साधी सर्दी नाही! छप्पन्न. सत्तावन्नला पैसा संपला, मी संपलो नाही. दुकानात साखर उधार मागितली तर दुकानदार म्हणाला, "आबा, तुमच्या तेराव्याला जेवलोय मी. आता उधारी कुणाच्या नावावर मांडू?"

मी परत आलो. त्या दिवशी चहा कोरा आणि अगोड.

दुसऱ्या दिवसापासून कौसा टेम्पोनं एमआयडीसीत बियाणं निवडायला जाऊ लागली. अंगावर धड लुगडं नव्हतं, म्हणून ट्रंकेतलं काढलं. कपाळाला कुंकू आणि अंगाला माझ्या मरणाचं लुगडं. टेम्पोतल्या बाया विचारायच्या, "मावशी, मालक हायेत ना?"

"हायेत. लुगडं तेवढं आगाऊ आलंय. वाया कशाला घालू?"

गावभर झालं. मी वर्षभर पारावर बसलो नाही.

अकरा वर्षं झाली तिला बियाणं निवडून. घर त्यावर चालतं, माझी तंबाखूसुद्धा. त्यातूनही ती काही पैसे पोस्टात टाकते. परवा मी धीर केला.

"कौसा, थोडे काढ. जीप करून एकदा राजूरला जाऊ."

"न्हाई. ते म्हातारपणाचे हायेत."

"केस पांढरे झाले, कंबर वाकली. तुझं म्हातारपण आणखी कधी लागायचं?"

तिनं सुपातला दाणा उचलला, पाहिला, परत टाकला.

"तुम्ही गेल्यावर," ती म्हणाली. "मंग दोन महिने माहेरी बसून खाणार हाय."

राग यायला पाहिजे होता. आला नाही. बाई बराबर बोलली. घराण्यात वेळ चुकवलेला मीच पहिला, आणि वाट तिला पाहावी लागतेय.