कमलबाईंच्या बोटांजोगता कीबोर्ड

धाराशिवच्या कोर्टामागं खाजाभाईंचं दुकान. चाळीस वर्षं त्यांनी टाइपरायटर दुरुस्त केले. टाइपरायटर संपले तेव्हा लोक म्हणाले, आता म्हातारा घरी बसणार. बसतात कशाला! त्यांना जुन्या कॉम्प्युटरचे कीबोर्ड उघडायची खोड लागली. बंद पडलेली वस्तू दिसली की खाजाभाईंचं जेवणात लक्ष राहत नाही.

कमलबाईंनी बोलावलं तेव्हाही तसंच झालं. बाईंचा एके काळी टायपिंगचा क्लास होता. आता डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही, पण बोटं शाबूत आहेत. तीस वर्षांपूर्वीच्या कॉम्प्युटरवर त्या न बघता मराठी लिहायच्या, आणि त्याचाच कीबोर्ड बंद पडला होता. खाजाभाईंनी तो उघडला आणि कपाळाला हात लावला. आत हळदीकुंकवाचा थर!

"बाई, दरसाल दसऱ्याला ह्याची पूजा केली व्हय?"

"मग! मशिनीची पूजा करायची न्हाय का?"

"करा की. पर त्याच्या नाकातोंडात कुंकू कशाला घालायचं?"

बाई हसल्या आणि मग त्यांनी खरं काम सांगितलं. त्यांना धाकट्या बहिणीला, कस्तुराबाईला, पत्र लिहायचं होतं. बारा वर्षांचा अबोला होता. चूक बाईंची होती, आणि ती सुनेला सांगून लिहून घेता येत नव्हती. मोबाईलवर बोलून लिहावं तर घरभर ऐकू जातं.

जुना कीबोर्ड कुंकवानं पार खाल्ला होता, म्हणून खाजाभाईंनी आधी नवा आणला, जुन्या कॉम्प्युटरला बसेल असा जोड लावून. त्या चपट्या बटणांवर बाईंची बोटं भरकटली. जुन्यासारखा उंच, खोलगट बटणांचाच हवा होता. हुडकत हुडकत ते जळकोटला पोचले. तिथं युवराज नावाच्या ओळखीच्या माणसाचा कॉम्प्युटर क्लास कधीचा बंद पडला होता, त्याच्या माळ्यावर एक सापडला. पाच पिनांचा गोल प्लग बाईंच्या कॉम्प्युटरला तंतोतंत बसला. कॉम्प्युटर मात्र कीबोर्डच नाही म्हणून अडून राहिला.

तीन दिवस खाजाभाईंनी एकेक तार तपासली. सगळं धडधाकट! मग बोलत का नाही हा गडी? चौथ्या दिवशी तो पालथा घालून पुसताना क्लासच्या नंबराची चिकटवलेली चिठ्ठी निघाली आणि तिच्याखाली नखाएवढा खटका दिसला. हा कीबोर्ड कॉम्प्युटरच्या दोन पिढ्यांना चालणारा होता. प्लग दोघांचा एकच, पण बोली वेगळी, आणि कुठली बोलायची ते खटक्यावर ठरायचं. इतकं साधं! खाजाभाई स्वतःवरच चिडले, आणि फार खूशही झाले.

खटका सरकवून त्यांनी बाईंकडं कीबोर्ड जोडला. बाईंनी बटणं चाचपली आणि हात धडाधड सुरू झाले. दोन ओळींनंतर त्या थांबल्या.

"खाजाभाई, अक्षरं उमटतायत का बघा जरा. पर..."

त्यांचा हात पडदा झाकायला पुढं गेला आणि माघारी आला. खाजाभाईंना कळलं. त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला, खिशात ठेवला आणि मग पडद्याकडं पाहिलं. दोन धूसर रेघा दिसत होत्या.

"उमटतायत, बाई," ते म्हणाले. "लिहा तुमी."