मोडक्या दाताचं रीळ

माझ्या ताईचा नवरा म्हणजे गळाच्या जुन्या रिळांचा सर्वांत मोठा जाणकार, असं आमच्या भागातली निदान चाळीस माणसं शपथेवर सांगतील. ती चाळीसही माणसं मठ्ठ आहेत. हे मी रागाने म्हणत नाही. दुकानात त्याच्या आणि माझ्या मध्ये फक्त एक प्लायवूडची भिंत होती, आणि अकरा वर्षं मी भिंतीच्या अलीकडून सगळं ऐकलेलं आहे.

दुकान आमच्या वडिलांचं. ते दोन कामं करायचे, शिलाई मशीनं आणि मासे पकडणाऱ्या हौशी लोकांची रिळं. ते गेल्यावर मध्ये प्लायवूड ठोकलं. मशीनं माझ्याकडे आली, रिळं ताईकडे गेली. म्हणजे गेली असं म्हणायचं. वडिलांच्या खुर्चीवर जाऊन बसला भावोजी. त्याआधी तो रंगाच्या दुकानात छटांची पुस्तकं उघडून दाखवायचा आणि गिऱ्हाइकाला सांगायचा, "हा पिवळा तुमच्या स्वभावाला शोभेल." तोंडावर मी त्याला 'भावोजी, तुम्ही' असंच म्हणते. मनात मात्र लग्नाच्या दिवसापासून एकेरीवर आहे, आणि इथे मनातलंच लिहिते आहे.

त्याची पद्धत ठरलेली. गिऱ्हाईक रीळ घेऊन आलं की हा आधी हात पुसणार. मग रीळ उजव्या कानाशी धरणार, डोळे मिटणार आणि हँडल हळूहळू फिरवणार. भिंतीच्या अलीकडे मी सुई अडकलेल्या मशीनशी झटापट करत असायचे, आणि तिकडे अख्खं दुकान श्वास रोखून उभं.

"थकलंय बिचारं," तो म्हणायचा.

"काय झालंय त्याला?"

"असं लगेच नाही सांगत ते. दोन दिवस राहू दे माझ्यापाशी. निवांत झालं की बोलेल."

मग ते रीळ पिशवीतून घरी जायचं आणि स्वयंपाकघरात ताईपुढे यायचं. जेवणं आटोपली की ताई खिडकीखाली जुना कागद पसरायची, स्क्रू काढायची, आणि दहा मिनिटांत मोठमोठ्याने सांगायची, "खिटीची स्प्रिंग बसलीये! दुसरं काही नाही!" हा ते चिठ्ठीवर लिहून घ्यायचा. दुरुस्तीही तीच करायची. तिसऱ्या दिवशी हा खुर्चीत डोळे मिटून पुन्हा ऐकायचा आणि जणू रिळानेच कानात सांगितलं अशा सुरात म्हणायचा, "स्प्रिंग बसली होती." लोक म्हणायचे, वा! आणि ताई? "ती साफसफाई बघते," असं तो सांगायचा.

ताईला हे कळायचं कारण ती आठ वर्षांची असल्यापासून वडिलांच्या टेबलाशी उभी राहिली होती. वडील आम्हा दोघींना शिकवताना आधी रीळ उघडूच द्यायचे नाहीत. म्हणायचे, आधी ऐका. मासा दोरी ओढतो, दोरी गुंडाळलेलं गिरकं फिरतं, त्याच्याबरोबर एक दातेरी चक्र फिरतं. त्या चक्रावर एक छोटी खिटी स्प्रिंगने दाबून बसवलेली असते. चक्र फिरलं की खिटी एका दातावरून घसरून दुसऱ्यावर पडते, टिक. भराभर फिरलं की टर्रर्र. बाजूला एक खटका असतो. तो सरकवला की खिटी उचलली जाते आणि रीळ मुकं होतं. एवढंच सगळं यंत्र. पण स्प्रिंग ढिली असेल तर आवाज पोकळ येतो, चक्रात वाळू असेल तर खरखरतो, खिटी झिजली असेल तर 'टिक'ऐवजी 'टप' येतो. ताईला हे सगळं यायचं. मलाही बरंचसं यायचं. भावोजीला यातलं एक अक्षर येत नव्हतं.

तरी दर रविवारी सकाळी रीळप्रेमी मंडळ आमच्याच दुकानात भरायचं. माझ्या बाजूच्या खुर्च्यासुद्धा उचलून न्यायचे. निवृत्त लोक, बहुतेकांनी आयुष्यात मासा ताटाबाहेर पाहिलेला नाही. जुनी पितळी रिळं मखमलीत गुंडाळून आणायचे आणि एकमेकांच्या रिळांना नावं ठेवायचे. त्यांनीच भावोजीला 'कानसेन' नाव दिलं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हा लाजला आणि पुढच्या आठवड्यात पाटीवर रंगवून घेतलं.

एका सोमवारी पोस्टमन आला. निवृत्त झालेला, आमच्याच रस्त्यांवर तीस वर्षं टपाल वाटलेला. सात वर्षांपूर्वी त्याची दृष्टी गेली होती. मुलगी त्याला तलावावर सोडायची, दुपारी न्यायची, आणि तो मासे पकडायचा. हा त्या मंडळातला नव्हता. त्याने रुमालातून रीळ काढून टेबलावर ठेवलं.

"तेल घालून द्या. दुसरं काही करू नका."

"ऐकू तरी द्या आम्हाला," भावोजी म्हणाला आणि डोळे मिटले.

नेमकी त्या आठवड्यात ताई लेकीकडे गेली होती. भावोजीला आयुष्यात पहिल्यांदा रीळ स्वतः उघडावं लागलं. उघडलं, तर चक्राचा एक दात अर्धा मोडलेला. एवढं तर कोणालाही दिसलं असतं. पण त्याला कोण आनंद! लहान मुलाला पेढा सापडावा तसा. भंगारातल्या रिळाचं एक चक्र त्याने काढलं, यात बसवलं आणि जुनं कचऱ्यात टाकलं. कचऱ्याची गाडी रोज सकाळी येते.

मंगळवारी पोस्टमन रीळ घेऊन गेला आणि शुक्रवारी परत आला. तोपर्यंत ताई आली होती, डबा घेऊन दारात उभी होती.

"माझा दात कुठाय?" पोस्टमनने विचारलं.

भावोजीने त्याच्या तोंडाकडे बघितलं.

"रिळाचा दात! प्रत्येक फेऱ्याला एक ठेच लागायची, टिक-टिक-टिक आणि मग चुकलेली एक. त्या ठेचा मी मोजतो. अठ्ठावीस झाल्या की दोरी लव्हाळ्याच्या कडेशी. तीस झाल्या की गळ लव्हाळ्यात अडकला. आता ते सगळं सपाट टरटरतं. काल तीन गळ गेले माझे. परवा दोन."

"काका, ते चक्र मोडकं होतं. मी नवं घातलं. आता आवाज कसा सलग येतो."

"मला सलग नको होता. मी सांगितलं होतं, तेल घाला."

इथे शहाणा माणूस 'चुकलं' म्हणून मोकळा झाला असता. पण याच्या डोक्यावर पाटी होती. तो हळुवार आवाजात म्हणाला, "वय झालं की कान दगा देतात. आमच्या मंडळातही आहेत असे. तुमचा दोष नाही."

 पोस्टमन खुर्ची चाचपून बसला आणि रीळ हातात घेतलं.

"बरं. तुमचा कान मोठा. आता ऐका आणि सांगा."

त्याने हँडल फिरवलं. मी प्लायवूडच्या फटीला डोळा लावला होता. भावोजीने मान तिरकी केली, डोळे मिटले.

"रेशीम," तो म्हणाला.

"आणि आता?" पोस्टमनने भराभर फिरवलं.

"आता तर जास्तच गोड. ओघ आलाय त्याला."

"साहेब," पोस्टमन म्हणाला, "खटका मी बसल्या बसल्याच सरकवला. रीळ मुकं आहे."

खरंच होतं. ताजं तेल घातलेलं, त्यामुळे साधी घरघरही नव्हती. मला इकडे ऐकू येत होता तो फक्त पंख्याचा आवाज.

मी हसले. आवरायला हवं होतं, पण फुटलंच. हसता हसता बाहेर आले, तर ताईने माझ्याकडे असं बघितलं की मी जागेवरच थांबले. भावोजीचे डोळे अजून मिटलेलेच होते. उघडायची हिंमत नव्हती.

"त्यांना ऐकू येत नाही," ताई म्हणाली. "बारा वर्षं झाली, दुकानात बसायच्या आधीपासून. माणसांचं बोलणं येतं समोर असलं की. बारीक आवाज नाही येत."

इतकी वर्षं मी समजत होते की ताई नवऱ्यावर खेकसते. शेजारीही तेच समजत होते. आणि तो माणूस रोज कानाला रीळ लावून दुसऱ्यांच्या वयाची कीव करत होता. मला त्याची दया यायला हवी होती असं नंतर दोघातिघांनी सुचवलं. नाही आली. ऐकू न येणं हा काही गुन्हा नाही, पण ऐकू येत नसताना ऐकण्यावर भाषणं देणं याला दुसरं नाव आहे.

ताईने डबा ठेवला. "जुनं चक्र?"

"गेलं," भावोजी म्हणाला. इतका बारीक आवाज त्याचा पहिल्यांदाच.

"काका, बसा. मी करते."

तिने रीळ उघडलं, नवं चक्र पकडीत धरलं आणि बारीक कानशीने एका दाताला दोनदा घासलं. बसवलं. पोस्टमनने फिरवून ऐकलं.

"छे. हा दात नुसता लाजतोय."

पुन्हा उघडलं, पुन्हा घासलं. ताई प्रत्येक वेळी आधी स्वतः ऐकायची, मग त्याला द्यायची.

"आता ठेच लागते. पण माझी ठेच जरा उशिरा सुटायची."

"खिटी खाली पडायला वेळ घेत होती का? म्हणजे मागची बाजू जास्त मोडलेली असणार."

"ते मला नाही माहीत. मी आत कधी बघितलं नाही."

पाचव्या खेपेला त्याने हँडल फिरवलं आणि तोंडातल्या तोंडात मोजायला लागला. मग माझ्याकडे वळला, म्हणजे माझ्या हसण्याचा आवाज आला होता त्या दिशेला.

"तुम्ही हसलात ना? या इकडे. दोरीचं टोक धरा आणि रस्त्याने सरळ चालत राहा. मी ओरडलो की थांबा."

मी दोरी धरून भर दुपारी रस्त्याने निघाले. सलूनवाला बाहेर येऊन बघायला लागला. मागे रीळ टर्र टर्र करत होतं. "थांबा!" ऐकू आलं तशी थांबले.

"औषधाच्या दुकानाची पायरी आली का?" तो दुकानातून ओरडला.

माझा डावा पाय पायरीला लागला होता.

त्याने तीस वर्षं हा रस्ता पावलांनी मोजला होता, आणि किती फेऱ्यांना किती पावलं दोरी जाते हे त्याच्या बोटांत होतं. मला वाटलं, वडील असते तर खुर्चीवरून उठून उभे राहिले असते. मंडळातल्या चाळीस जणांना मात्र या रिळाकडे बघवलंही नसतं. त्याचं पितळ काळवंडलेलं होतं.

पोस्टमन गेल्यावर मी ताईला म्हटलं, "रविवारी मी सगळ्यांसमोर सांगणार."

"तू तोंड उघडायचं नाहीस."

"का? एवढं होऊनही?"

"चिठ्ठ्यांवरचं कोण सांगत होतं? मी सांगायचे म्हणून ते लिहायचे. त्यात माझाही हात आहे. पण आता नाही सांगणार."

तिने शब्द पाळला. पुढच्या रविवारी एकाने रीळ आणलं, कानसेनाने डोळे मिटून चक्र झिजल्याचं सांगितलं. त्या गृहस्थाने घरी जाऊन उघडलं, तर चक्र धड होतं, आत सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद अडकलेला निघाला. तरी तो पुन्हा आला. म्हणाला, "तुमचं बरोबर असणार, माझ्याच समजण्यात काहीतरी चुकलं." अशा माणसांचं काय करायचं?

महिनाभर कुरकुर करून भावोजीने कानाला यंत्र लावून घेतलं. दवाखान्यातून तडक दुकानात आला, शेल्फवरचं सर्वांत जुनं रीळ उचललं आणि फिरवलं. टर्रर्र.

त्याचा चेहरा पडला. त्याने दुसरं फिरवलं, मग तिसरं.

"हा?" तो म्हणाला. "हाच तो आवाज? खोक्यात झुरळ अडकल्यासारखा?"

"हाच," ताई म्हणाली.

"आणि याच्यासाठी लोक माझ्याकडे येत होते?"

 आठवड्याभरात त्याने मंडळाला कळवलं की प्रकृतीमुळे आपण थांबतो आहोत. लोकांनी शाल दिली. आता खुर्चीवर ताई बसते. रीळ कानाजवळ नेते, दोनदा फिरवते आणि काय बिघडलंय ते सांगते. मंडळातले निम्मे लोक यायचे बंद झाले, कारण तिथल्या तिथे, साध्या भाषेत आणि बाईकडून उत्तर मिळालं की त्यांना ते खरं वाटत नाही. तलावावर जाणारे मात्र येतात, पोस्टमनच पाठवतो त्यांना.

भावोजी घरीच असतो. मी अधूनमधून ताईकडे जेवायला जाते. मी बोलायला लागले की तो कानातलं यंत्र काढून ताटाशेजारी ठेवतो आणि शांतपणे जेवतो. त्याने आयुष्यात घेतलेला हा पहिला समंजस निर्णय असावा.