मागच्या बाकावरचे वडील

मी बोलायला शिकलो तो उदगीरच्या आमच्या पाळकबाईंमुळे. पण कुणाच्या तोंडाला विलायचीचा वास आला, की अजून मी तोंड फिरवतो. चर्चमध्ये कॉलेजच्या पोरांची सभा होती. मी विश्वासाची साक्ष द्यायला, म्हणजे देवानं आपल्या आयुष्यात काय केलं ते सांगायला उठलो, तसे शहरातून आलेले वक्ते विलायची चघळत कानाशी वाकले, "बाप दारू पिऊन मारायचा म्हण. लोक रडले पाहिजेत." दारूला कधी न शिवलेले माझे वडील मागच्या बाकावर कौतुकानं बसले होते. शेजारी बसलेल्या पाळकबाई ते ऐकून मोठ्यानं म्हणाल्या, "लेकरा, बाप जसा हाय तसाच सांग. रडायचं त्यो रडंल." मी तसंच सांगितलं. कुणी रडलं नाही. वक्त्यांनी घड्याळ पाहिलं. आता नांदेडला तरुणांच्या सभा मी घेतो. परवा बाईंना पत्रात लिहिलं, 'साक्षीआधी पोरांना एवढंच सांगतो, मागच्या बाकावर आपला बाप बसलाय असं समजून बोला.'